देवाला उलटा करून कोण बघतं

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

हर्षिता अक्काला ऑफिसात दोन डायऱ्या मिळाल्या, त्यातली एक मला दिली. म्हणाली, रघ्या, रोज लिही, डोकं ठिकाणावर येईल. इंग्लिशमध्ये लिहिलं तर ती वाचणार. कानडीत लिहिलं तर अप्पा आणि आई. म्हणून मराठीत. घरात बोलतात सगळे, पण वाचायला फक्त अज्जांना, म्हणजे आजोबांना, आणि मला येतं. मला अज्जांनीच शिकवलं, तेही शिक्षा म्हणून, शेजारच्या स्कूटरच्या सीटला मी गोंद लावला होता तेव्हा. अज्जा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. म्हणजे डायरी सेफ.

आज स्कूटर, मिक्सर, कुकर, अप्पांचं स्टेपलर, सगळ्यांना कुंकू. अक्काच्या लॅपटॉपला मी भस्माचे तीन जाड पट्टे ओढले. अजून ती कानात घालायच्या कापसानं कीबोर्ड साफ करतेय.

मला काम दिलं देव घासायचं. पुढच्या महिन्यात अक्काचं लग्न, देव लखलखीत पाहिजेत. त्यात काळोबा पण. काळोबा म्हणजे आमचा मूळ देव. पावाच्या लादीएवढा काळा ठोकळा, त्यावर डोकं, डोक्याला चांदीचे डोळे चिकटवलेले, डोळ्यांखाली खोलगट तोंड. तोंडात रोज गुळाचा खडा ठेवायचा. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आम्ही सरदार, शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आलो, काळोबाला घोड्यावर बांधून आणला. घोड्याचं नाव काय विचारलं की मला शिव्या.

दर वर्षी अज्जाच काळोबाला पुसतात, ओल्या फडक्यानं, वरवर. या वर्षी त्यांची कंबर धरलीय. मला वाटलं, आपण चांगला घासू. गरम पाणी, चिंच, भांड्यांचा साबण. पिवळं, मग लाल, मग काळं पाणी निघतच राहिलं. किती वर्षांची हळद ती. दुकानातून आणलेला एक वाया गेलेला पांढरा टी-शर्ट अंथरला आणि काळोबाला त्यावर वाळायला ठेवला. (मी मल्लेश्वरममध्ये नागराज अण्णाच्या दुकानात टी-शर्ट छापतो. पीयूसीत, म्हणजे बारावीत, दोन विषय राहिल्यापासून. घरात याला कोण काम म्हणत नाही.)

उचलला तर खाली डाग. डाग कसला, रेघा. हळदीच्या रंगाच्या, वाकड्या, एकात एक शिरलेल्या.

उलटा करून बघितलं नाही. देव आहे. आणि आई बघत होती.

२ ऑक्टोबर

दसऱ्याची पानं द्यायला समोरची शिवलीला आंटी आली. मी आवाज बारीक करून म्हटलं, "आंटी, कोणाला सांगू नका. काळोबाचं पाऊल उमटलंय."

आंटीला कोणाला सांगू नका म्हणणं म्हणजे माइक हातात देणं. दुपारी दारात चपलांचा ढीग. टी-शर्ट पाटावर, त्याच्यापुढं नारळ. एका काकांनी विचारलं, डावं पाऊल की उजवं. मी म्हटलं, "देवाला तसलं काय नसतं काका, तो दोन्हीकडून सारखाच." अक्का आत तोंडात ओढणी कोंबून हसत होती. आईनं मात्र खरंच दिवा लावला.

मग अज्जा आले, कंबर धरून. लोकांनी वाट दिली. अज्जा वाकले, त्यांच्यानं वाकवत नाही तरी. रेघांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळू. टी-शर्टची घडी घातली आणि काळोबाच्या मागं ठेवून दिली.

हसायला येत होतं ते कुठं गेलं काय की.

९ ऑक्टोबर

काळोबाला चीर पडली. डोक्यापासून खालपर्यंत. आत बघितलं तर पिवळट. आम्ही जन्मभर दगड दगड म्हणत होतो, हे तर लाकूड. साबणानं मी त्याचं सगळं तेल काढलं, मग ते वाळलं आणि तडकलं. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आलंय.

अप्पांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, भंगलेला देव घरात नको, त्यात लग्नकार्य, विसर्जन करा आणि नवा करून घ्या. अप्पांनी अज्जांकडं बघितलं. अज्जा नुसतं "सरी", बरं, म्हणाले.

रात्रीच्या जेवणात अज्जांनी अर्धी चपाती ठेवली ताटात. लहान असल्यापासून तेच काळोबाची पूजा करतात. आजारी असले तर खाटेवरून हात लांब करून गूळ ठेवतात.

१२ ऑक्टोबर

बनशंकरीहून त्रिविक्रम काका आले. लांबचे भाऊबंद. येतात ते अप्पांना शहाणं करायलाच.

"आमचा पण काळोबा होता ना," काका म्हणाले. "गृहप्रवेशाच्या आधी बघितलं तर वाळवी. दिला तळ्यात सोडून. हे बघ आता काय केलंय."

फोनवर फोटो दाखवला. चांदीचा गुळगुळीत गोळा, वर छोटा गोळा. इडलीवर इडली ठेवल्यासारखा.

"हे काय आहे?" अक्कानं विचारलं.

"काळोबा. माप देऊन करवून घेतला, अगदी तसाच."

मी विचारलं, "काका, सोडायच्या आधी खालून बघितला होता काय?"

"देवाला उलटा करून कोण बघतं रे?" काका म्हणाले, आणि अप्पांकडं असे वळले, जणू विचारतायत, या पोराचं कसं होणार.

ठरलं. दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ तारखेला, काळोबा तळ्यात. नवा चांदीचा. माप द्यायला मी जायचं.

१४ ऑक्टोबर

हे नीट लिहायला पाहिजे.

काळोबाला पिशवीत घेऊन निघालो चांदीवाल्याकडं. वाटेत आमचं दुकान. नागराज अण्णा नोव्हेंबरच्या कानडी राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या टी-शर्टांत बुडालेला. मागच्या टेबलावर कोण नव्हतं. मी मनात म्हटलं, काळोबा, माफ कर, आणि त्याला उलटा केला.

हळदीचा राहिलेला थर जुन्या टूथब्रशनं काढला. आणि खालून नक्षी वर आली. लाकडात कोरलेली. वेल, मधे फूल, फुलाच्या दोन बाजूंना दोन पोपट. पोपटाच्या पंखावर पिसं, पिसात परत रेघा. मी स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीवर, एवढी बारीक रेघ काढायला गेलो तर ती भरून जाते, निघतच नाही. ही कोणी लाकडात काढलीय, कशानं काढली, तेव्हा लाइट तरी होती का.

काळा रंग लावला, पांढरं कापड घेतलं. दाबायला म्हणून काळोबाचं डोकं धरलं तर अंगठा आपोआप त्याच्या तोंडात गेला. बरोब्बर बसला. बाकीची बोटं मागं गेली, तिथं पण खळगे, चार. ज्याला आम्ही तोंड म्हणतो, गूळ भरवतो, ती अंगठ्याची जागा आहे. कोणाच्या तरी. एवढं लाकूड झिजायला माणसानं किती दाबलं पाहिजे. एका माणसानं तरी होणार नाही. बापानं, मग मुलानं, मग त्याच्या मुलानं.

काळोबा देव नाही. ठसा आहे, कापडावर छापायचा. आम्ही त्याची मूठ पूजत होतो आणि तोंड खाली दाबून ठेवलं होतं.

नागराज अण्णा मागं येऊन उभा राहिलेला मला कळलंच नाही. हा माणूस कशालाच चांगलं म्हणत नाही, स्वतःच्या लग्नाच्या फोटोला पण नाही म्हणाला. त्यानं कापड बघितलं, ठसा बघितला. मग बाहेर जाऊन चप्पल काढून आला.

"एनो, काय हे?" एवढंच म्हणाला.

नक्षीच्या चार कोपऱ्यांत चार बारीक ठिपके आहेत. ते बघून मला हसू आलं, कारण ते मी रोज काढतो. एका रंगाला एक स्क्रीन लागते, आणि रंगावर रंग नेमका बसावा म्हणून कोपऱ्यात खुणा. म्हणजे हा एकटा नाही. हा फक्त रेघांचा आहे. फूल आतून रिकामं, पोपट आतून रिकामे. भरायचे ठसे वेगळे असणार. कुठं आहेत ते?

आणि अज्जांना कसं सांगू? अज्जा, तुम्ही जन्मभर अंगठ्याच्या खळग्यात गूळ घालताय, असं सांगू? आधीच जेवत नाहीत. आणि नाही सांगितलं तर २६ ला तळ्यात.

चांदीवाल्याकडं गेलोच नाही.

१६ ऑक्टोबर

डायरीच्या पानावर कुंकवाचा डाग. उंदीर झालेत घरात. आईला सांगितलं, पिंजरा लाव.

अज्जा संध्याकाळी अंगणात बसलेले, आपलं आपणच बोलायला लागले. त्यांच्या अज्जाला दोन भाऊ होते. वेगळे झाले तेव्हा देव वाटून घेतले, तिघांकडं एकेक काळोबा. एक आपला, एक त्रिविक्रमचा, एक आनेकलला. "तिकडं सत्यवती असते, माझ्या चुलतभावाची बायको. तिच्याकडं कोण जात नाही आपल्यातलं. रविवारी बसला गर्दी नसते."

मी विचारलं पण नव्हतं. म्हातारपणी माणसं काहीही आठवून बोलतात.

१९ ऑक्टोबर

आनेकल. रविवारी बसला गर्दी होती.

सत्यवती अज्जी दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी पाया पडलो, म्हटलं कृष्णाजींचा नातू, मल्लेश्वरमहून आलोय.

"कोण मेलं?" अज्जीनं विचारलं.

"कोण नाही. हर्षिता अक्काचं लग्न आहे."

"मग बस. चहा घेणार? लग्नाचं बोलवायला आलायस, पत्रिका कुठं आहे?"

पत्रिका आणायचं डोक्यात नव्हतं. म्हटलं, छापतायत. मग काळोबाचं विचारलं. अज्जीला कळेना. मी हातानं आकार दाखवला. "तो होय," ती म्हणाली, "तो लोणच्यावर आहे."

आत लिंबाच्या लोणच्याची बरणी, उंच, तिच्या झाकणावर दाबायला ठेवलेला. आमचा काळोबा. डोळे नव्हते, एवढंच. आमच्याकडं याला सोवळ्यात हात लावतात आणि इकडं हा तेलामिठात माखून लोणचं राखतोय. मी नमस्कार करायला हात जोडले आणि अर्ध्यात थांबलो, कोणाला करतोय कळेना.

"अज्जी, हा आमच्याकडं देव आहे."

"काय सांगतोस. हा ठसा आहे रे. रंगारी होतो ना आपण. माझी सासू सांगायची, तिच्या सासऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे. कितीही धुवा. मेले तेव्हा आंघोळ घातली तरी नखं निळीच, तशीच निळी गेली." एक शेंग फोडून दाणे माझ्या हातात दिले. "तुमच्यात सरदार कधी झाले?"

नखं निळी. मी माझ्या नखांकडं बघितलं. राज्योत्सवाचा पिवळा अडकलेला होता.

ठसा मागितला. अज्जी म्हणाली ने, पण लोणच्यावर काहीतरी ठेवून जा. मी मागच्या अंगणातून वीट आणली, धुतली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून झाकणावर ठेवली. अज्जीनं ती हलवून बघितली. "लग्नाला येते," म्हणाली. "विटेवर माझा भरवसा नाही. तिकडूनच घेऊन जाईन."

२२ ऑक्टोबर, पाडवा

दुकान बंद, चावी माझ्याकडं. आनेकलचा ठसा धुतला. (साबण नाही. शिकलो.) लाल रंग लावला. रेघांच्या छापावर चार ठिपके जुळवले आणि दाबला.

उचलला तर फूल भरलेलं. पाकळीपाकळीत लाल, रेघेच्या बाहेर एक थेंब नाही. शंभर वर्षं एक लोणच्यावर आणि एक देव्हाऱ्यात, एकमेकांचं तोंड न बघता. आणि असे बसले जसे कालच काम सोडून जेवायला गेले होते. आमच्याकडं नवीन मशीनवर दोन रंग जुळवायला अण्णा अर्धा दिवस बोंबलतो.

पोपट मात्र कोरे राहिले. दोन्ही. ते तिसऱ्या ठशाचे असणार. तो तळ्यात आहे, आणि त्याच्या जागी बनशंकरीत चांदीची इडली.

कापड पोटाशी धरून किती वेळ बसलो काय माहीत. आमचा पण तिकडंच चाललाय, चार दिवसांत.

२५ ऑक्टोबर

नागराज अण्णाला हाता-पाया पडून अप्पांना फोन करायला लावला. अण्णानं आवाज जाड केला, कानडीत म्हणाला, तळ्याच्या ऑफिसातून बोलतोय. तेलकट लाकूड पाण्यात सोडायचं असेल तर अर्ज लागेल. देवाचे फोटो जोडायचे, चारी बाजूंनी, वरून आणि खालून. देव मूळ कुठला त्याचा पुरावा, पत्त्यासकट.

अप्पा फोनवर उभे राहून बोलत होते. "सर, मूळ गाव माहीत नाही सर. घोड्यावरून आले सर."

मी मोरीत जाऊन हसलो. पण काम अर्धंच झालं. उद्याचं रद्द, आता पुढच्या रविवारी, २ तारखेला, गाडी करून श्रीरंगपट्टणला नदीत सोडायचं. तिकडं कोण अर्ज मागत नाही म्हणे.

अज्जा म्हणाले, "तळ्याचं ऑफिस फार जपून आहे रे आजकाल." आणि भात परत घेतला. बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर

सांगायला गेलो अज्जांना, दोनदा. एकदा ते जप करत होते. दुसऱ्यांदा काळोबाच्या चिरेत बोटानं तेल भरत होते, जखमेला लावतात तसं. परत आलो.

लोकांना फसवायला मला कधी धाडस लागलं नाही. खरं बोलायला लागतंय.

उद्या सगळे साड्यांना जाणार. घरात मी आणि अज्जाच. उद्या नाही तर नाहीच.

१ नोव्हेंबर

सगळे गेले. मी दोन्ही रंग, कापड आणि आनेकलचा ठसा पिशवीत घेऊन अज्जांच्या खोलीत गेलो. आधी तोंड उघडायचं की आधी पिशवी, ठरत नव्हतं.

अज्जांनी जमिनीवर घोंगडी अंथरली होती, दुहेरी. त्यावर स्वतःचं धुतलेलं पांढरं धोतर, ताणून, कोपऱ्यांवर फुलपात्रं ठेवून. काळोबाला देव्हाऱ्यातून खाली घेऊन पाटावर ठेवलेलं.

"कशाला हे?" मी विचारलं.

"मऊ पाहिजे ना खाली. नाहीतर उमटणार कसं?"

यांना कसं कळलं काय की. आई काहीतरी बोलली असेल. पण आईला तरी कुठं माहीत होतं.

मी बोललोच नाही मग. काळा लावला, काळोबा उचलला, अंगठा तोंडात, आणि दाबला. मग लाल. अज्जा भिंतीला टेकून बघत होते. फूल आलं. पोपट आले, कोरे. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं आता रडतील, नाहीतर मारतील.

अज्जा म्हणाले, "मला वाटायचं, हा बसलाय."

"मग?"

"हा थांबलाय रे."

मला कळलं नाही. अज्जांनी ठसा मांडीवर घेतला, चांदीचे डोळे वर.

"आयुधपूजेला हत्यारं मांडतात. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करायची, हत्यार थोडं हलवायचं, की पूजा संपली. मग परत कामाला घ्यायचं. तुझ्या अप्पाचं स्टेपलर एक दिवस देव असतं, होय की नाही? माझ्या अज्जानं एक वर्षी हे ठसे असेच मांडले असतील. आणि दुसऱ्या दिवशी कामच नसेल. गिरणीचं कापड आलं तेव्हा किती रंगाऱ्यांचं काम गेलं. काम नाही तर उत्तरपूजा कशी करायची? कशाला हलवायचं? राहू दे म्हणाला असेल, काम आलं की करू. मग मेला. मग माझे वडील. मग मी."

"म्हणजे?"

"म्हणजे तीच पूजा चालू आहे अजून. त्याच वर्षाची. मी मधला पुजारी."

एक आयुधपूजा, शंभर वर्षं. संपवायला कोणाला जमलं नाही म्हणून रोज गूळ.

मी म्हटलं, "अज्जा, वाईट वाटलं काय तुम्हाला? देव नाही म्हणून?"

"कोण म्हणालं नाही म्हणून?" अज्जांनी अंगठा त्या खळग्यात घातला. पहिल्यांदाच. त्यांचा पण बसला. डोळे मिटून तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या हाताची एक शीर थडथड उडताना मला दिसत होती.

२ नोव्हेंबर

सकाळी गाडी दारात, ड्रायव्हर पेपर वाचतोय, अप्पा नारळ मोजतायत. अज्जा सोवळं नेसून देव्हाऱ्यापुढं.

"बाबा, निघायचं ना," अप्पा म्हणाले. "विसर्जन नदीवर आहे."

"देवाचं नदीवर. हत्याराचं इथंच." अज्जांनी हातात अक्षता घेतल्या. "बस सगळे."

उत्तरपूजेचा मंत्र म्हटला. अक्षता टाकल्या. मग दोन्ही हातांनी काळोबाला धरलं आणि डावीकडं सरकवलं, वीतभर. लाकूड पाटावरून सरकताना आवाज झाला. एवढासा आवाज, पण घरात कोण हललं नाही. ड्रायव्हर पण पेपर खाली करून बघत होता.

गरम पाण्यात फडकं भिजवून अज्जांनी चांदीचे डोळे हळूच सोडवले. डोळे काढल्यावर नुसता ठसा राहिला, जुना, चिरलेला. अज्जांनी तो उचलून माझ्या हातात दिला. अप्पांच्या नाही. माझ्या.

मी आयुष्यात एवढा कशाला घाबरलो नव्हतो.

अप्पा तिथंच बसून होते. कालचा छाप अज्जांनी त्यांच्यापुढं पसरला, अप्पा तो बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण सरदार नव्हतो?"

"सरदारांचे कपडे कोणी रंगवले मग?" अज्जा म्हणाले.

"आणि गुरुजींना काय सांगू?"

"सांग, पूजा संपली. भंगलेलं हत्यार लोक जोडून वापरतात."

नारळ होते म्हणून आईनं बर्फी करायला घेतली. ड्रायव्हरला पण दिली.

११ नोव्हेंबर

सुतारानं चिरेत गोंद भरून पितळेची तार आवळली. लाकूड हातात घेऊन म्हणाला, एवढं जुनं सागवान आता बघायला मिळत नाही, विकणार काय. अज्जांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पैसे पण कमी घेतले.

अज्जांनी ठरवलं, अक्काच्या लग्नाचा अंतरपाट आपला आपण छापायचा. पातळ मलमल आणली. पहिला छाप फिसकटला, काळा पसरला. दुसऱ्यात फूल सरकलं. अज्जा मागून, "स्वल्प हलका. लोटू नको. नुसता ठेव, आणि मग अंगठा." तिसरा चांगला आला. मधोमध एकच छाप.

अक्का म्हणाली, "पोपट कोरे का? रघ्या, तू भर ना, तुझ्या दुकानात अर्ध्या तासाचं काम."

खरं आहे. रेघेचा फोटो काढून स्क्रीन करता येते. पोपटाचा हिरवा तर तयारच आहे. मी अज्जांकडं बघितलं.

"नको," अज्जा म्हणाले. "ती जागा त्या घरची आहे. त्यांच्यासाठी ठेव."

त्रिविक्रम काकांना आजच फोन केला त्यांनी. काय बोलले माहीत नाही.

२३ नोव्हेंबर

लग्न झालं. पाय दुखतायत. तरी लिहितो, नाहीतर उद्या वाटेल मी बनवून सांगतोय.

त्रिविक्रम काका आले. रात्रभर तळ्याच्या काठानं फिरून आल्यासारखा चेहरा. कोणाला शहाणं केलं नाही. सत्यवती अज्जी आली, आल्या आल्या म्हणाली, वीट घसरली, बुरशी आली, ठसा कुठं आहे. अज्जांनी तिला शेजारी बसवलं. दोघं एकमेकांना पहिल्यांदा कधी भेटले त्याच्यावर भांडत होते.

मुहूर्ताला अंतरपाट धरायला एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला रोशन भावजींचा भाऊ. अलीकडं भावजी. पलीकडं अक्का, हिरव्या साडीत, मुंडावळ्या बांधून, खाली बघत. नेहमीची अक्का वाटतच नव्हती. मंगलाष्टकं सुरू झाली. माझं लक्ष कापड ताणून धरण्यात, छाप मधे राहावा म्हणून.

दुसऱ्या कडव्याला व्हिडिओवाल्यानं लाइट वळवून अक्कावर मारला. कापड पातळ. छापाच्या बरोबर मागं तिची साडी. आणि पोपट हिरवे झाले.

दोन्ही पोपट, चोचीपासून शेपटीपर्यंत. मधे लाल फूल, बाजूला हिरवे पोपट, काळ्या रेघेत. पूर्ण छाप. तळ्यातला ठसा कोणी आणून लावल्यासारखा. अक्का श्वास घेत होती तसे ते हलत होते.

माझं टोक खाली आलं, भावजींचा भाऊ म्हणाला, अरे नीट धर. मी त्रिविक्रम काकांना शोधलं. त्यांना दिसलं होतं. त्यांनी चष्मा काढला होता आणि तसेच बघत होते. सत्यवती अज्जीनं नुसती मान हलवली.

मग शेवटचं सावधान झालं. कापड ओढलं, पोपट गेले, सगळ्यांनी अक्षता उधळल्या, वाजंत्री सुरू. अज्जा पहिल्या रांगेत होते. त्यांची मूठ तशीच मिटलेली, वर धरलेली, अक्षतांनी भरून. टाकायचं त्यांना सुचलंच नव्हतं.